अंगठीचा तास

तिसरा तास. जेवणानंतरचा.
गंगापूर रोडवरचं कॉलेज, पंख्याचं एक पातं वाकडं,
नीतिशास्त्राला अकरा मुलं,
त्यातली दोन नुसती सावलीला आलेली.

मी ती जुनी, परमुलखातली गोष्ट सांगतो, मेंढपाळाची:
भूकंपात जमीन फाटली, खाली एक प्रेत,
प्रेताच्या बोटात अंगठी;
खडा आत वळवला की माणूस दिसेनासा.
पुढे त्याने काय काय केलं ते मी सांगत नाही,
मुलंच यादी करतात. यादी लांबते.
एकजण म्हणतो, आधी प्रिन्सिपॉलचं कपाट.

फळ्यावर लिहितो:
कुणी बघत नसताना तुम्ही कोण?

वैजयंती सानप हात वर करते.
सिन्नरहून एसटीने येते, रात्री मोबाइलवर तो शो बघते,
सोळा माणसं एका घरात कोंडलेली.
'सर, तिथे तर भिंतीभिंतीत कॅमेरे.
म्हणजे अंगठी उलटी.
लपायची सोयच नाही, तरी खोटं बोलतात.
आणि जो सगळ्यात छान रडतो त्याला आम्ही मत देतो.
मीपण दिलंय. दोनदा.'

वर्ग हसतो. मला हसता येत नाही,
खिडकीबाहेर केदूअण्णा उभे आहेत,
वीस बाय दहाचे, हात जोडून.
गेल्या पावसाळ्यात उपरण्याचा रंग वेगळा होता,
त्याच्या आदल्या पावसाळ्यात आणखी वेगळा.
चेहरा तोच, हात तेच,
गळ्यापुरता फ्लेक्स नवा डकवलेला.
चौकाचौकात इतके दिसतात
की आता दिसतच नाहीत.
पाइप फुटून महिना झाला,
पाणी त्यांच्याच बांबूखालून वाहतंय,
कुणी मान वर करत नाही.

अन्वर कधी बोलत नाही. आज बोलतो:
'अब्बा भद्रकालीत कल्हई करतात.
कल्हई आतून असते, सर.
बाहेरून कुणी मागतच नाही.'
आणि खाली बसतो.
माझ्या हातात खडू तसाच.

घंटा होते. एक सांगायचं राहून जातं.
मतदानाच्या आदल्या रात्री माझ्याही दारात पाकीट आलं,
चार मतांचं.
मी परत केलं.
आवाज जरा चढवून,
दार सताड उघडं ठेवून,
समोरच्या क्षेमकल्याणी काकूंच्या दारातल्या भिंगामागे
उजेड हलला, तो बघून.

काकू झोपलेल्या असत्या तर?

संध्याकाळी घाटावर उतरतो. धरणातून पाणी सोडलंय,
दुतोंड्या मारुतीच्या मांड्यांना लागलंय.
एक तोंड इकडे, एक तिकडे,
दोन्ही अंगांनी लोक फोटो काढतात,
स्वतःला पुढे घेऊन.
एक म्हातारा तेवढा, पिशवी छातीशी धरून,
ज्याला त्याला विचारतोय:
कुठवर आलंय?

सांगतो त्याला, मांडीपर्यंत.
मग हात खिशात घालून
एकेक बोट चाचपतो.
काही नाही.
तरी पुन्हा चाचपतो.