एसेरे

आजी, मान वर कर. छताकडे बघ.
एकच थेंब. झोंबेल जरा,
भुवईवर कळ येईल, खोली अंधारल्यासारखी वाटेल.
बाहुली लहान होते ना, म्हणून.
मग आत तुंबलेलं पाणी वाट काढतं
आणि डोळा मऊ पडतो.

रोज तीस जणांना सांगते हे,
कालाबारच्या या मिशन दवाखान्यात
हिरव्या पडद्याआडच्या स्टुलापाशी उभी राहून.
बाटली तपकिरी. उजेड लागला की औषध गुलाबी होतं,
गुलाबी झालं की फेकून द्यायचं:
मेट्रनबाईंनी फळ्यावर लिहून ठेवलंय.

आजी मान वर करत नाही.
"नाव काय गं याचं?"
मी लेबल वाचते. एसेरीन.
आणि वाचतानाच माझ्याच तोंडून मला ऐकू येतं.

एसेरे.
नदीकाठच्या झाडांवर चढलेली वेल.
शेंग तडकते, बी पाण्यात पडते, बुडत नाही,
कुणाच्या तरी दारापर्यंत तरंगत जाते.
अंगठ्याच्या पेराएवढी, चॉकलेटी,
कडेला लांब काळी खाच, मिटल्या पापणीसारखी.
शाळेत असताना एक सापडली होती मला,
कंपासपेटीत ठेवली होती.
आजीनं माझ्यावर हात उचलला तो तेवढाच.

"एटिम ओकोन एका रात्रीत गेला," ती सांगते.
भिंतीला सांगते, मला नाही.
"पोटात दुखलं आणि गेला. म्हणजे कुणीतरी केलं.
मग त्याच्या दोघी बायकांना अंगणात उभं केलं.
आठ-आठ बिया वाटल्या, पाण्यात कालवल्या.
ओकेल ती निर्दोष."

आरित भांडखोर. दाराशी, कोंबडीशी, देवाशी भांडणारी.
तिनं वाडगं हिसकावलं, घटाघटा प्यायली,
आणि थोड्याच वेळात
प्रमुखाच्या पायांवर भडाभडा ओकली.

इन्यांग वळणाची.
वडीलधाऱ्यांसमोर कसं प्यावं, आईनं शिकवलेलं.
एक घोट. ओठ पुसले. एक घोट.
सगळं गाव डोळ्यांत तेल घालून बघत होतं.
मग तिला चालायला लावलं, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत.
तिसऱ्या फेरीला लाळ. पाचव्या फेरीला गुडघे.

"मी जवळ गेले, कुणी अडवलं नाही.
बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, न्कोयो.
मला त्यांत दिसायचं होतं.
मी मावले नाही."

पडद्यापलीकडे कुणीतरी खोकतं.
आजवर मी आरितला पणजी म्हणत आले.
तिच्याच भांडखोरपणावर गेलेय
असं सगळे म्हणतात.

"मला आरितनं वाढवलं. पोटच्या पोरीसारखं.
एकदाही बोलली नाही. मीही विचारलं नाही.
पण आई ओकली नाही, हे तर मी पाहिलंच ना?
मग ती होती का गं तशी?"

परीक्षेत दोन मार्कांना होतं हे.
एकदम पोटात गेलं तर पोट उलटतं, माणूस वाचतो.
थोडं थोडं गेलं तर रक्तात भिनतं.
मी बरोबर लिहिलं होतं, खाली रेघही मारली होती,
आणि पान उलटलं होतं.

"नाही," मी म्हणते. "ती हळू प्यायली. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

सत्तरीला टेकलेली बाई
स्टुलावर बसल्या बसल्या सहा वर्षांची होते.
तिच्या हातातली पिशवी घसरते, तीन संत्री घरंगळत
कपाटाखाली जातात. दोघींपैकी कुणी वाकत नाही.

मग ती हनुवटी वर करते.
"घाल," म्हणते. "पण एकदम घाल.
हळू नको."

संध्याकाळी आवराआवर करताना पाहिलं,
बाटली खिडकीतच राहिली होती, टोपण उघडं,
तळाशी फिकट गुलाबी.
मेट्रनबाई खूप बोलल्या.
मी मान खाली घालून ऐकलं,
आणि ओंजळभर रंग मोरीत ओतला,
घाई न करता.