पंचवीस अंशांवर

विहीर म्हणजे इथे कमरेइतका खड्डा,
कडेने पोवळ्याचे दगड रचलेले,
वर गंजका पत्रा, पत्र्यावर नारळाची करवंटी.
टेकोआ पत्रा सरकवतो, गुडघे टेकतो,
आधी प्रोब विसळतो, पुन्हा विसळतो
बाटलीतल्या त्या पाण्याने
ज्यात काहीच नाही.
निव्वळ पाणी वीज जवळपास नेतच नाही,
नेतं ते त्यात विरघळलेलं.
प्रशिक्षणात हे ऐकलं त्या रात्री
त्याला झोप आली नव्हती.

एका अंगाला समुद्र चाळीस पावलं,
दुसऱ्या अंगाला फार तर दोनशे.
मधल्या वाळूखाली पावसाचं पाणी
खाऱ्या पाण्यावर तरंगून असतं,
दुधावर साय धरावी तसं,
आणि कुणीतरी रोज चमचा घालतंच.

आकडा चढतो, अडखळतो, ठरतो.
एकोणीसशे चाळीस.
गेल्या महिन्यात बाराशे साठ होता.
पाणी आहे एकोणतीस अंशांवर,
यंत्र सांगतं ते पंचवीस अंशांवर किती भरलं असतं.
जगातलं सगळं पाणी आधी पंचवीसवर आणायचं, मग जोखायचं.
या बेटावरचं कुठलंच पाणी
कधी पंचवीस अंशांवर नव्हतं.

नेई रोतिया करवंटी बुडवते, ओठाला लावते.
"मोठ्या भरतीला बाबाईच्या खाचरात समुद्र शिरला ना,
तेव्हापासून मचूळ.
तुझ्या काडीला आज कळलं?"
बाबाई, अळवाची थोरली बहीण,
खाचरात पानं टाकून पिवळी पडलीय.

वहीत चवीचा रकाना नाही.
टेकोआ समासात पेन्सिलीने लिहितो:
रोतिया म्हणते, पौर्णिमेपासून.

मागच्या वर्षी टोकाच्या विहिरीत
आकडा आला होता चारशे दहा,
साऱ्या गावात गोडं पाणी ते.
तेच पिऊन बिनातीची दोन्ही पोरं
हगवणीने अंथरुणाला खिळली.
यंत्राला मीठ कळतं,
पलीकडचं डुकरांचं कुंपण कळत नाही.
तेव्हापासून आकडा कितीही चांगला येवो,
हा आपला म्हणतो, उकळून घ्या.

वहीच्या पुठ्ठ्यावर मर्यादा छापलीय, पंचवीसशे.
"म्हणजे अजून किती राहिले?" रोतिया विचारते.
तो वजाबाकी करतो.
"पाचशे साठ."
"दिवस?"
तो पत्रा जागेवर ओढतो, बराच वेळ लावून.

चहा त्याच पाण्याचा.
रोतिया त्याच्या कपात साखर घालते,
एक चमचा, दुसरा,
त्याच्याकडे बघून तिसरा.
बेटावर बोट आलेलं नाही तीन आठवडे,
डब्याचा तळ खरवडल्याचा आवाज येतो.
साखरेने आकडा हलत नाही,
प्रोब बुडवला तर
चहा तेवढाच खारा निघेल.

तो कप संपवतो.
अजून चार विहिरी राहिल्यात,
शेवटची आईच्या घरची.