काचेवरचा आकडा

थंडर बेमध्ये, गोदीच्या रस्त्याला,
हॅल्व्हर्सनच्या जुन्या गाड्यांच्या मैदानात
माझं काम एकच: आकडे काढायचे.
पांढऱ्या रंगाची बाटली, टोकाला स्पंज,
आणि समोरची काच.
नऊ मला सुरेख जमायचा,
पोट भरलेला, शेपूट किंचित आत घेतलेला.
चौदा हजार नऊशे पंचाण्णव.
पंधरा म्हटलं की माणूस पुढे निघून जातो,
पाच डॉलर कमी केले की
हाताचा आडोसा करून आत डोकावतो.

शेवटच्या पाचाच्या खांद्यावर
एक चांदणी काढायची.
"बारीक काढ," हॅल्व्हर्सन सांगायचा,
"डास बसल्यासारखी."
चांदणीचा अर्थ लिहायचा खाली, वायपरच्या मागे,
जिथं बर्फ साठतो.

हेल्मी कोस्केला आली एका मंगळवारी.
शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं सूप ढवळलेली,
मलाही वाढलेलं तिनं,
मटार न विचारता जास्त.
टायरला लाथ नाही मारली,
पोराचा ताप बघावा तसा हात लावला.
ओठ हलवत आकडा वाचला
आणि घरी गेली.

गुरुवारी परत. दोन पाकिटं.
एकात सोळा हजार नऊशे चव्वेचाळीस डॉलर, पस्तीस सेंट,
तेरा टक्के कर धरून,
गुणाकार पाकिटावरच, पेन्सिलीनं,
हातचे वर मांडलेले.
दुसऱ्यात नंबरप्लेटचे.

आत ब्रेंटनं कागद सरकवला.
कागदपत्रांचे चारशे नव्याण्णव.
काचेवर नंबर कोरल्याचे दोनशे नव्याण्णव.
टायरात नायट्रोजन भरल्याचे एकशे एकोणनव्वद
(तो कॉम्प्रेसर मीच चालवायचो, त्यातून हवाच यायची).
तपासणीचे सहाशे पंचाण्णव.
तपासली कोणी, ते लिहिलं नव्हतं.
वरात कधीच पुढे गेली होती
आणि मागून घोडी येतच होती,
खोगीर घालून, एकेक.

"हे सगळ्यांनाच लागतं," ब्रेंट म्हणाला,
उद्या बर्फ पडेल, असं सांगावं तसं.

हेल्मीनं कागद उलटा करून ठेवला.
"तुमची चांदणी वाचली मी. वाकून, बर्फ झाडून.
आपल्या प्रांतात जाहिरातीचा आकडा एकच असतो,
कर आणि नंबरप्लेट सोडून सगळं त्याच्या पोटात.
आणि हे कायद्यात नसतं तरी, बाळ,
मी फळ्यावर सूप दोन डॉलर लिहिलं
तर दोनच घेतले.
चमच्याचे वेगळे नाही लावले."

ब्रेंट हसला.
पाकिटं पर्समध्ये गेली. पर्सची चेन
तिनं सावकाश, शेवटपर्यंत लावली.

तीन आठवड्यांनी देरोझिए नावाची बाई आली,
एका हातात थर्मास, दुसऱ्यात कॅमेरा.
चौतीस काचांचे चौतीस फोटो.
"अक्षर कोणाचं?"
हॅल्व्हर्सननं माझ्याकडे बोट केलं,
"नवीन पोरगा, चुकला."
चौतीस वेळा, एकाच वळणानं.
मी म्हणालो,
"नऊ माझे. चांदण्या त्यांच्या."
एवढं एकच वाक्य त्या नोकरीत
मी कोणी न शिकवता बोललो.

गरम पाण्यानं सगळ्या काचा धुतल्या मग,
हेल्मीची गाडी सगळ्यांत आधी.
तिचं पहिलं पाकीट ब्रेंटनं मोजून घेतलं,
पस्तीस सेंटसकट.
डिसेंबरात मला काढलं. कारण दिलं नाही,
मी विचारलंही नाही.

जानेवारीत, उणे अठ्ठावीस,
आइस-रिंकच्या बाहेर तिची गाडी उभी होती.
काचेवर दहिवर गोठलेलं,
फक्त जिथं माझा स्पंज फिरला होता तिथं नाही.
साबणानं गेला म्हणतात तो रंग जात नाही पुरता.
चौदा हजार नऊशे पंचाण्णव,
स्वच्छ, माझ्याच हातचा.

हेल्मी खरवडत होती.
रस्ता दिसेल एवढंच भोक केलं तिनं,
नेमकं चांदणीच्या जागी,
बाकीचा आकडा तसाच ठेवला
आणि चाळीसच्या वेगानं, इंडिकेटर देत, वळली.