नंतरचा ताप

पश्चात्ताप या शब्दात ताप आहे
आणि तो नंतर येतो.
मला यायला सतरा वर्षं लागली.

तोवर मी तो इतरांना शिकवत होतो,
स्कारवोय बेटावर, दोनशे दहा माणसांच्या मंडळीला,
लाकडी चर्चमध्ये, ज्याचं छत गळत नाही.
छताचं सांगतो.

ते बंदरमालक आस्लाक यांनी दिलं,
ज्या हिवाळ्यात त्यांची बोट बुडाली
त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.
बोटीवरचा पोरगा गेला, एकोणीस वर्षांचा.
चौकशीला बोडोहून दोन साहेब आले. त्यांनी विचारलं,
तांडेल हालवार त्या संध्याकाळी प्यायला होता का?

हालवार त्या संध्याकाळी माझ्याकडे होता.
नऊ वाजेपर्यंत माझ्या खोलीतली शेगडी दुरुस्त करत,
काळ्या हातांनी बिनसाखरेची कॉफी पीत.
मी म्हणालो, मला आठवत नाही.
तीनच शब्द. खोटं म्हणता येणार नाही,
माणूस विसरतो.
आस्लाक यांची गंजलेली कप्पी कुठल्याच कागदावर आली नाही.
छत जूनमध्ये आलं.

हालवारला पुन्हा कुणी बोट दिली नाही.
तो गोदामात बर्फ फोडत राहिला
आणि दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसत राहिला.
त्याला मातीत ठेवलं तेव्हा मी फार छान बोललो.
लोक म्हणाले, पाळकसाहेब, रडवलंत.

मीही रडायचो, हे सांगायला हवं.
रात्री, वेदीपुढे, गुडघे दुखेपर्यंत.
देव ऐकतो अशी माझी खात्री होती
आणि दुसरं कुणी ऐकत नाही, अशीही.
रडून झालं की भूक चांगली लागायची.

आध्यात्मिक परिपक्वतेवर माझी आठ प्रवचनं आहेत.
पक्व म्हणजे पिकलेलं.
या बेटावर एकही फळझाड नाही.
इथे काही पिकत नाही, वाळतं:
फेब्रुवारीपासून जूनपर्यंत कॉड मासे, शेपटीला शेपूट बांधून,
लाकडी मांडवांवर टांगलेले,
ना मीठ, ना धूर, फक्त वारा.
थंडी फार पडली तर मांस फुटतं, ऊब आली तर किडे पडतात.
घाई करणाऱ्याचा मासा बाहेरून खडखडीत, आत ओला.
जाणकार टिचकी मारून सांगतात.
मला सतरा वर्षांत कुणी टिचकी मारली नव्हती.

मार्चमध्ये मी रान्दीकडे गेलो, हालवारच्या बायकोकडे.
ती शेडमध्ये होती, रबरी एप्रन घालून.
वाटेत पाठ केलेली वाक्यं
माशांच्या वासात शिरल्यावर एकही उरलं नाही.
मी म्हणालो, मला आठवत होतं.

तिने सुरी पुसली.
"त्यालाही आठवत होतं," ती म्हणाली.
"शेगडी त्यानेच दुरुस्त केली होती ना?"

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.
ज्याला मी विसरलो, तो विसरला नव्हता;
तरी माझ्या हातून भाकर घेत होता, दर महिन्याला,
ओंजळ पुढे करून, डोळे माझ्याकडे.

क्षमा केली, असं ती म्हणाली नाही.
म्हणाली, मला सांगून काय उपयोग,
जिथे बोललात तिथे जाऊन बोला.

पत्र बोडोला गेलं. रविवारी मंडळीला सांगितलं,
चार वाक्यांत, प्रवचन नाही.
आस्लाक यांचा मुलगा मधूनच उठून गेला.
दार हळूच लावलं.
आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.
बोडोहून अजून काही आलेलं नाही.

आता शनिवारी मी शेडवर जातो.
रान्दीची नात सिव, अकरा वर्षांची, माशांच्या जिभा कापते;
इथली मुलं खाऊचे पैसे असेच मिळवतात.
ती मला शिकवते: डोकं खिळ्यावर रोवा,
दाबू नका, वळवा.
काल मी सात कापल्या.
तिने वहीत पाच लिहिल्या.
मी म्हटलं, सात.
दोन फाटल्यात, ती म्हणाली,
आणि पुढचं डोकं माझ्यासमोर ठेवलं.