काळा दाणा

रुआं, तुझ्या वेळी मला कुणी विचारलंच नाही.
शुक्रवार होता, सोमवारी सुट्टी.
डॉक्टरांच्या गाडीत मागे गळ आणि बर्फाची पेटी
मी खिडकीतून बघितली होती.
"बाळ फार मोठं आहे," म्हणाले.
तू पावणेतीन किलो भरलास.

हिरव्या पडद्यापलीकडे दोघं फुटबॉलचं बोलत होते.
मग तुझं रडणं आलं,
शेजारच्या घरातून यावं तसं.

त्यानंतर पाच वर्षं मी आंबे निवडले.
पेट्रोलिनाच्या शेडमध्ये पट्ट्यावरून येतात ते.
देठाशी चीक सांडून सालीवर काळा ओघळ उठलेला दिसला
की डावीकडे.
उजवीकडचे जहाजानं रॉटरडॅमला जातात,
डावीकडचे रसाला.
आत काही झालेलं नसतं त्यांना.
घरी आपण तेच खातो, तुला माहीत आहे.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा
दवाखान्यातल्या बाईनं माझा जुना कागद पाहिला
आणि मान वर न करता तारीख लिहायला घेतली.
एकदा कापलं की कापायचंच, म्हणाली,
जसं काही मी पट्ट्यावरून आले होते.

मारिनाल्वा नर्सनं तारीख लिहिली नाही.
तिनं घेवड्याचे दोनशे दाणे मोजून ताटात ओतले,
तपकिरी सगळे, त्यांत एक काळा.
"एवढ्यांत एखादीची शिवण उसवते.
उसवली तर वेळ थोडा असतो.
हात घाल, ढवळ, घाई करू नकोस.
मग सांग."
मी बराच वेळ ढवळत बसले.
तुझा बाप बाहेर मोटारसायकल पुसत होता,
पुसलेलीच.

त्या रात्री पुलावर कलिंगडांचा ट्रक आडवा झाला होता.
खाली नदी काळी, दोन्ही काठांवर दिवे,
आणि जेनिवाल्डो प्रत्येक गाडीवाल्याला ओरडून सांगत होता
माझं खासगी.

खोलीत यंत्र कागदावर तिची धडधड काढत होतं.
शेजारी ऑपरेशनची खोली.
दाराखालून उजेडाची एक पट्टी येत होती, रात्रभर.
मी त्या पट्टीचा राग केला,
आणि मिटली नाही म्हणून जीवही टाकला तिच्यावर.

पहाटे मारिनाल्वानं टाक्यावर तळवा ठेवला.
"इथे दुखतंय? इथेच? कळ गेल्यावरही?"
मी म्हटलं, बाई, मला केसांतसुद्धा दुखतंय.
ती हसली, पण हात काढला नाही.
ते हसणं आणि तो हात,
दोन्हींच्या मधे कुठेतरी मी जोर लावला.

मोठं काही वाटलं नाही, रुआं. जिंकल्यासारखं तर नाहीच.
ओलं, गरम, घसरणारं काहीतरी माझ्याच हातांत आलं
आणि ते रडलं ते इथे,
याच घरात.

पलीकडच्या खाटेवरची इवोनेची
दुपारी त्या उजेडाच्या दारातून गेली.
संध्याकाळी तिला परत आणली, कुशीत मुलगा.
डोळे मिटून तिनं मला विचारलं,
"तुझं झालं ना?"
मला उत्तर देता आलं नाही लवकर.

काळा दाणा अजून माझ्या पर्समध्ये आहे,
सुट्ट्या नाण्यांत. टाकवत नाही.
कुणाच्या तरी बोटांना तो लागतोच.

काल आंघोळ घालताना तू माझ्या पोटावरच्या रेघेवर बोट फिरवलंस.
"ही इथून नाही आली?"
नाही.
"मग ही माझी एकट्याची?"
मी हो म्हटलं.
तू साबणाच्या हातानं ती पुन्हा एकदा मोजलीस,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि बहिणीला सांगायला ओलाच पळालास.