उणे अठरा

निइगाताहून दुपारची बोट धरून सादो बेटावर उतरले.
हातात हत्यारांची पेटी, खिशात तक्रारीचा कागद :
ग्योझा एकमेकांना चिकटलेत,
पैसे गिळतं, माल सोडत नाही.
होम्माबाईंच्या बंद दुकानाच्या भिंतीला टेकून
यंत्र उभं होतं, कपाळावर उणे अकरा घेऊन.
हवं उणे अठरा.

पायापासून सुरुवात करावी, थोरले कानेमारू शिकवायचे,
डोक्यात शिरायची घाई करू नये.
खालची जाळी काढली. धूळ होती,
पण जीव घुसमटेल इतकी नाही. पंखा फिरत होता.
कॉम्प्रेसरला तळहाताची मागची बाजू लावली :
ऊन, पण तापातलं नव्हे, कामातलं.
दाराच्या रबरात हजार येनची नोट अडकवून ओढली,
चारही बाजूंनी ती सुटेना.
आत नळ्यांवर बर्फ पातळ, पिठी भुरभुरावी तसा.
सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात बुडवला,
शून्याला शून्य म्हणाला बिचारा.
गॅस पुरेसा. हीटर शाबूत.

धडधाकट यंत्राचं आजारपण सगळ्यात वाईट,
कुठे बोट ठेवायचं तेच कळत नाही.

मग नोंदी उतरवून घेतल्या.
रोज रात्री एक चाळीसला रेघ तुटते.
वर जात नाही, खाली जात नाही, तुटते.
साडेचारच्या सुमारास पुन्हा उगवते, उणे पाचवर,
आणि दिवसभर यंत्र एकेक अंश खाली उतरत राहतं,
अठरापर्यंत पोचायच्या आत
परत एक चाळीस.

रात्री वीज जाते का, होम्माबाईंना विचारलं.
जाऊन जाऊन जाणार कुठे, त्या म्हणाल्या,
चहूकडे समुद्र आहे.

त्या रात्री रस्त्यापलीकडे गाडीत बसून राहिले,
गुडघ्यांवर घोंगडी, थर्मासात गार झालेला चहा.
वेळेवर दार सरकलं.
रुईदार बंडी, पायात रबरी बूट;
त्या वाकल्या आणि प्लग उपटला.

आणि एकदम सगळं ऐकू आलं.
दोर ओला होऊन ताणला जातो तो आवाज,
धक्क्याखाली पाणी चुळा भरतंय तो.
दिवसभर मी त्या घुंईच्या आत काम करत होते,
मला ती ऐकूही आली नव्हती.

मासळीच्या पालथ्या क्रेटवर त्या बसल्या, तोंड अंधाराकडे.
दूर माकूल पकडणाऱ्या बोटींचे पांढरे दिवे.
मी जवळ गेले तरी दचकल्या नाहीत.
"शुन्ताच्या बोटीचं इंजिन तिसऱ्या ठोक्याला अडखळतं.
नातू माझा. बोट त्याच्या बापाची."
बापाबद्दल पुढे काही आलं नाही.
"हे गुरगुरत असलं की बोटी वेगळ्या करता येत नाहीत."

क्रेटच्या दुसऱ्या टोकाला मी टेकले.
एक बोट आली, ती नव्हे. दुसरी, तीही नव्हे.
मग टक टक, आणि जरा थांबून टक.
मला तो फरक शपथेवर सांगता आला नसता.
त्या उठल्या, पदर नव्हता म्हणून बंडीच्या बाहीनेच
प्लगचे दात पुसले, आणि बसवला.

सकाळी बासष्ट पाकिटं फेकली.
वितळून पुन्हा गोठलेलं विकता येत नाही, मी म्हटलं.
त्यांनी वहीत बासष्ट रेघा ओढल्या, वाद घातला नाही.
कॉम्प्रेसरखालचे चार रबर वाळल्या माकुळासारखे कडक झालेले,
बदलले. तांब्याची एक नळी पत्र्याला घासत होती,
मध्ये फोमचा तुकडा दिला.
यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं.
आवाज उतरला. गेला म्हणणार नाही.

कारण, असा एक रकाना असतो.
मी लिहिलं : प्लग सैल.

आता ऑफिसातून रेघ बघते.
नऊ रात्री सलग, उणे अठरा, उणे अठरा.
बुधवारी तुटली. वाऱ्याचा इशारा होता त्या दिवशी.
अकरा मिनिटं,
मग जुळली.
मी तक्रार नोंदवली नाही.