वाईट नाही

भाची फोनवर विचारते, सॅन डिएगोहून,
मागे तिचा समुद्र गाजत असतो:
"अर्लिस मावशी, नेब्रास्कात आहे काय पण?"

मी खिडकीतून बघते.
मक्याची खुंटं आहेत. पलीकडे आणखी खुंटं.
मग एक रस्ता, कुठेच वळायची घाई नसलेला,
आणि उरलेलं सगळं आभाळ.

आमच्याकडे कौतुकाची रीत नाही गं.
गारांनी अर्धं सोयाबीन झोडपलं तरी "वाईट नाही,"
कोठार छताला टेकलं तरी टोपी मागे सारून
तेवढंच: "वाईट नाही."
यातलं कुठलं ते
ऐकणाऱ्याने सुरावरून ओळखायचं.

एकतीस वर्षं टपाल वाटतेय मी.
चौऱ्याण्णव मैल, एकसष्ट पेट्या.
एप्रिलात मागच्या सीटवर कोंबडीची पिल्लं,
भोकं पाडलेल्या खोक्यांत, शंभर-शंभर.
तेव्हा मी रेडिओ बंद ठेवते.
मार्चमध्ये प्लॅट नदीच्या वाळूवर क्रौंच उतरतात,
आणि ग्लेन्डा ओस्टरमान,
जिला नवऱ्याचा वाढदिवस कधी आठवला नाही,
पहिल्या क्रौंचाची तारीख
कॅलेंडरवर पेन्सिलने लिहून ठेवते.

वादळाचा भोंगा झाला की तळघरात जायचं असतं.
पोरांना आम्हीच शिकवतो तसं.
मग भोंगा होतो, आणि अख्खी गल्ली अंगणात,
हातात कॉफी, तोंड पश्चिमेला,
जणू कुणी पाहुणा यायचाय
आणि त्याला जरा उशीर झालाय.

आणि ते बोट.
समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून
एक बोट उचलायचं. इंचभर. बस.
ओळख असो, नसो.
अख्खा हात हलवलात
तर लोकांना वाटतं, कुठे काही पेटलंय.

लूमीर वोंड्राने माझ्यासाठी अकरा वर्षं बोट उचललं नाही.
आमच्या कुत्र्याने त्याची टर्की मारली,
असं त्याचं म्हणणं. मी म्हणते, कोल्हा.
रोज सव्वादहाला आम्ही समोरासमोर,
त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर
खिळे ठोकल्यासारखे.
(त्याचं एकही पत्र मी भिजू दिलं नाही,
हेही लिहून ठेवा कुठेतरी.)

आई गेली ती ऑक्टोबरात, ऐन कापणीत.
चर्चपासून दफनभूमी चार मैल.
येणारी प्रत्येक गाडी कडेला थांबली, रीतच आहे ती.
गुरांचा ट्रक. शाळेची बस, मुलं काचेला नाक लावून.
कोलोरॅडोच्या पाटीचा एक परका,
त्याला काहीच कळलं नसावं, पण तोही थांबला.
मग वोंड्राचं शेत.
मधोमध कम्बाइन, इंजिन बंद.
पश्चिमेला काळं दाटून आलेलं, मका अर्धा उभा,
आणि लूमीर खाली उतरलेला, खुंटांत,
टोपी छातीशी,
विरळ पांढरे केस वाऱ्यात ताठ.
शेवटची गाडी जाईपर्यंत हलला नाही.
मी आरशात बघत होते,
तो मक्याच्या कणसाएवढा झाला, दाण्याएवढा झाला,
तरी टोपी छातीशीच.

सोमवारी सव्वादहाला तो समोरून आला.
दोन्ही हात स्टिअरिंगवर.
मला इतकं हसू आलं
की गाडी बाजूला घ्यावी लागली,
आणि मग, आठवडाभरात पहिल्यांदाच,
नीट रडताही आलं.

"मावशी? आहेस ना?"
"आहे."
"मग सांग ना, काय आहे तिथे?"

बाहेर वाऱ्याने कुणाच्या तरी पेटीचं झाकण उघडलंय,
उद्या जाता जाता लावून घेईन.

"वाईट नाही गं," मी म्हणते.

ती कॅलिफोर्नियात जन्मली.
तिला सूर कळत नाही.